कागदावरची मावशी

गादीवाले,

तुला पत्र लिहायचं म्हणून बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'प्रिय' लिहावं तर तू म्हणशील, बाईंचं डोकं फिरलं. शिवाय तुला वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवणार, आणि जे मला तुला सांगायचंय ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकवायची मला हिंमत नाही. म्हणून पत्राचा नाद सोडला. तुझी हकीकत चार लोकांपुढे मांडते. तुला 'तू' म्हणत राहिले तर मी माझीच बाजू सावरत बसेन, तो माझा जुना रोग आहे. तेव्हा इथून पुढे तू 'ती', आणि मी, तू हाक मारायचीस तशी, 'बाई'. बाईंना सूट द्यायचं काही कारण नाही.

ती इमारतीत राहायला आली तेव्हा तिला कुणी गादीवाली म्हणत नव्हतं. निर्वासितांच्या छावणीतून आलेले, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे 'ते छावणीवाले' एवढीच चौघांची मिळून ओळख होती: ती, तिच्याहून लहान एक बाई, त्या लहानीचा नवरा, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. कागदोपत्री ती थोरली बहीण आणि लहानी धाकटी. एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीखालच्या भिंतीला कायमची ओल. स्वयंपाकघर मजल्यावरच्या तीन बिऱ्हाडांत मिळून एक, त्यामुळे कुणाचं पातेलं आधी चढणार यावरून रोजची धुसफूस. न्हाणीघरापुढे सकाळी सहापासून खांद्यावर टॉवेल टाकून रांग. रांगेत उभं राहायची मात्र त्या चौघांना इतकी सवय होती की रांग कुठे दिसली की आधी तिच्या शेपटाला लागायचं आणि मग कशाची आहे ते विचारायचं.

मदत करणाऱ्या संस्थेनं त्यांना दोन पलंग आणि दोन गाद्या दिल्या होत्या. गाद्या कसल्या, पोत्यात ढेकळं भरावीत तशा. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही गाद्या डोक्यावर घेतल्या, गच्ची गाठली, शिवण उसवली, कापूस उन्हात पसरला, काठीनं झोडपला, बोटांनी मोकळा केला आणि संध्याकाळच्या आत पुन्हा भरून टाके घातले. गच्चीभर पुंजके उडाले. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण वर येऊन कडाडली, "आमच्या धुतलेल्या कपड्यांवर हे काय पेरलंयस?" हिला भाषेचं अक्षर कळत नव्हतं. हिनं शेजारणीचा हात धरला आणि नव्या भरलेल्या गादीवर दाबला. शेजारणीचा आवाज एकदम निम्म्यावर आला. आठवड्याभरात तिचीही गादी गच्चीवर होती. नाव पडलं ते तिथून.

अठ्ठावीस वर्षं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं गाद्या भरल्या होत्या. गाव उठलं तेव्हा दुकान कापसासकट जळालं. नवरा वाटेत तापानं गेला. या दोन गोष्टी ती दोन वाक्यांत सांगायची आणि तिसरं वाक्य बोलायची नाही.

इथे तिला काम मिळालं ते एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात. एका टोकाला ओल्या चादरींचे ढीग, मधे आडवा, माणसाच्या उंचीचा गरम रूळ. दोन बायकांनी चादरीची टोकं ताणून रुळाच्या तोंडात द्यायची, पलीकडे दोघींनी ती वाफाळती बाहेर घ्यायची. आठ तास उभं राहून. कोपर भाजायचं, पाऊल सुजायचं, आणि चादरी काही संपायच्या नाहीत. खिडकीजवळ एक टेबल होतं, तिथे फाटक्या चादरी बसून शिवायचं काम चाले. ते टेबल साठी उलटलेल्या बायकांसाठी राखून ठेवलेलं. तिथे बसणाऱ्या एकीचीही शिलाई धड नव्हती. गादीवाली जाता-येता त्यांचे टाके बघायची आणि ओठ मिटून घ्यायची.

बाई तळमजल्यावर राहायच्या. कॉलेजच्या वाचनालयात हयात घालवून निवृत्त झालेल्या, एकट्या, तोंडानं फटकळ. छावण्यांतून आलेल्या माणसांना त्या दर शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये भाषा शिकवत. शिकवत म्हणजे ओरडत. गादीवाली मागच्या बाकावर बसायची. तिला लिहायला कधी आलं नाही, पण बोलायला तीन महिन्यांत आलं, कारण बोलण्यावाचून भाजीवालाही भाव सांगत नाही. तिच्या घरातल्या लहानीचा नवरा गावाकडे मोजणीदार होता, सरकारी जमिनी मोजायचा. इथे तो आगारात बसगाड्या धुवायचा. "चाकं किती इंचांची आहेत ते मला न मोजता कळतं," तो म्हणायचा, "पण ते कुणी विचारत नाही." लहानी संध्याकाळी कचेऱ्या झाडायला जायची. मग ती पोर शाळा सुटली की बाईंकडे यायची. गृहपाठ करायची, बाईंचे बिस्किटांचे डबे रिकामे करायची. भाषा तिलाच सगळ्यांत आधी आली, म्हणून डॉक्टरकडे, घरमालकाकडे, वीजकचेरीत दुभाषी म्हणून तिलाच नेत. आठ वर्षांच्या पोरीनं मोठ्या बाईच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरला सांगाव्यात, हे बाईंना एकदा कळलं तेव्हा त्या चिडून स्वतः बरोबर जाऊ लागल्या. पोर त्यांना 'बाईआजी' म्हणायची. बाईंना ते आवडायचं. गादीवालीला पोर 'मावशी' म्हणायची.

पोर अकरा वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं होतं. पोर बाईंच्या टेबलाशी बसली होती, आणि गादीवाली तिथेच जमिनीवर बाईंची गादी शिवत होती.

"आईची आई इथे लिहायची," बाई म्हणाल्या.

"ती मेली," पोर चौकट काढत म्हणाली. "छावणीत मेली. आई म्हणते मला आठवत नाही कारण मी लहान होते. मेलेल्या माणसांना काळी चौकट काढू का, बाईआजी?"

बाईंनी सहज खाली बघितलं. गादीवालीनं सुई टोचली, दोरा ओढला, पुन्हा टोचली. टाका एकही चुकला नाही. पण ती जिथे शिवत होती ती कड आधीच शिवून झालेली होती.

पोर वर गेल्यावर बाईंनी दार लोटलं. आडपडदा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"गादीवाले, ही पोर तुझी कोण?"

"बहिणीची मुलगी."

"मी तीस वर्षं पुस्तकं चोरणारी पोरं पकडली आहेत. मला शिकवू नकोस. कोण?"

गादीवालीनं दोरा दातानं तोडला. "नात."

मग तिनं सांगितलं. छावणीत नोंदणीचा दिवस आला तेव्हा आदल्या दिवशी तंबूंतून एक बातमी फिरली: पन्नाशीपुढच्यांना मागे ठेवतात, परदेशाला हात चालणारी माणसं हवीत, म्हातारी नकोत. ती तेव्हा बावन्नची. जावयानं रात्रभर विचार केला. सरळ माणूस, जन्मात कुणाच्या शेताचा बांध इकडचा तिकडे केला नाही. सकाळी म्हणाला, आई, तुम्हाला अडतीस लिहू. बायकोनं विचारलं, मग मी सव्वीसची कशी? बारा वर्षांची मुलगी आई होते का? तो बोटांवर पुन्हा मोजून म्हणाला, मग तुम्ही दोघी बहिणी.

"मोजणीदार माणूस," गादीवाली म्हणाली, "चुकला तोही मोजूनमापून."

"आणि ती बातमी?"

"उलटी होती, बाई. म्हातारी आई ज्यांच्याबरोबर होती, त्यांना आधी घेतलं. आमच्या शेजारच्या तंबूतली आंधळी सासू होती ना, तिच्यामुळे ते घर दहा महिन्यांत गेलं. आम्ही सगळे धडधाकट, म्हणून चार वर्षं बसलो." ती हसायला लागली आणि मग हसणं थांबवायला तिला जरा वेळ लागला.

तंबूला कापडाच्या भिंती. शेजारी ऐकायचे, नोंदणीवाले अचानक यायचे. नात तेव्हा नुकती बोलायला लागली होती. एक दिवस तिच्याकडे बघून "आ... आज..." करायला लागली. गादीवालीनं तिच्या तोंडावर बोट ठेवलं. "मावशी म्हण. मा-व-शी." महिनाभर शिकवलं. शिकवलं म्हणजे, पोर 'आजी' म्हणाली की ओ द्यायची नाही. पोर रडून लाल व्हायची, ही पाठ फिरवून बसायची. शेवटी पोर शिकली.

"आता अकरा वर्षांची झालीय. सांगा की तिला," बाई म्हणाल्या.

"पोरगी शाळेत सगळं बोलते. शाळेतलं कचेरीत जातं. कचेरीनं म्हटलं, खोटं बोललात, उचला बाडबिस्तरा, तर?" ती उठली, गादी झटकली. "मावशी तर मावशी. जेवायला मीच वाढते."

कागदावर ती अठ्ठेचाळीसची होती, अंगानं बासष्टची. धुलाईघरातली मुकादमीण रोज टोमणा मारायची, "अठ्ठेचाळीसची ना गं तू? मग ढेंगा टाकत का चालतेस बदकासारखी? माझी आई चालते तशी!" गादीवाली म्हणायची, "तुमची आई नशीबवान, बसायला टेबल आहे तिला." खिडकीजवळचं शिवणाचं टेबल तिच्यापासून आणखी बारा वर्षं लांब होतं.

त्याच सुमारास जावयाचं नशीब उघडलं. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीनं त्याला पुन्हा मोजणीच्या कामावर घेतलं, पण दुसऱ्या शहरात. रेल्वेनं दिवसभराचा प्रवास. राहायला घर मिळणार होतं, दोन खोल्यांचं, आणि स्वयंपाकघर स्वतंत्र. लहानी त्या स्वयंपाकघराचं स्वप्न बघून आठ दिवस तरंगत होती. मग अटी आल्या. घरात नवरा, बायको, मुलं आणि दोघांचे आईवडील राहू शकतात. इतर नातेवाईक नाहीत.

बहीण म्हणजे इतर नातेवाईक.

जावयानं तो कागद तीनदा वाचला. मग गादीवालीसमोर येऊन बसला. "आई," तो म्हणाला. घरात तो आईच म्हणायचा, आवाज खाली घेऊन, बाहेर 'ताई'. "मी नोकरी सोडतो."

"सोडून काय करशील? बस धुशील? गप बस."

आणि तेव्हाच, देव जागा असल्यासारखी, ती नोटीस लागली. बाईंना टपालकचेरीच्या भिंतीवर दिसली. ज्यांनी छावणीत नोंदणीच्या वेळी वय किंवा नातं चुकीचं सांगितलं असेल, त्यांनी या महिन्याअखेर येऊन दुरुस्त करून घ्यावं. शिक्षा नाही, दंड नाही, कुणाचाही कागद रद्द होणार नाही. ज्याचं वय चुकलंय त्यानं स्वतः यावं, आणि कुटुंबाला पाच वर्षं ओळखणारा इथला एक साक्षीदार बरोबर असावा. बाई उभ्या उभ्या तो कागद उतरवून घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढल्या, जे त्या एरवी करत नसत.

"सापळा आहे," लहानी म्हणाली. "उंदरालासुद्धा आधी भाकरीच दाखवतात."

"सापळा लावायला तुम्ही कोण मोठे वाघ लागून गेलात?" बाई म्हणाल्या. "सरकारला त्याच्या वह्या नीट करायच्या आहेत, बस्स. मी साक्षीदार. अजून बोला."

गादीवालीनं पलंगाखालून प्लास्टिकची पिशवी ओढली. तिच्यात त्या घराचे सगळे कागद होते, छावणीतल्या धान्याच्या चिठ्ठीपासून. ती पिशवी घर सोडून कुठे जायची नाही आणि गादीवाली तिच्यावाचून घर सोडून लांब जायची नाही. "बाई, पोरीला दोन खोल्यांत पलंग मिळेल स्वतःचा," ती म्हणाली. "मी तिच्या खोलीत निजेन. मला तेवढं करून द्या." एवढंच एक मागणं तिनं सहा वर्षांत केलं.

पहिल्यांदा दोघी गेल्या ती महिन्याची बारा तारीख होती. दारात पहारेकरी. साधा माणूस, पण गणवेशातला. त्यानं प्रत्येकाला सांगितलं तसं हिलाही सांगितलं, "पिशवी टेबलावर ठेवा, आतून परत मिळेल." गादीवालीनं पिशवी छातीशी धरली.

"ठेव ना," बाई म्हणाल्या.

"नको."

"अगं, तपासून देतात."

"छावणीत एकानं असंच म्हणून माझ्या नवऱ्याचे कागद घेतले होते. मग त्यांना तो मेल्याचा दाखला देता येईना. कागदच नाही तर मेला कोण, म्हणाले." ती मागे सरकत सरकत पायऱ्या उतरली. बाईंनी भर रस्त्यात तिला झाडलं. येणारे-जाणारे बघत होते. हिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी ठेवीन. आज रात्री मनाची तयारी करते."

दुसऱ्यांदा वीस तारीख ठरली. बाई कचेरीच्या कोपऱ्यावर साडेनऊपासून उभ्या. वारा असा की डोळ्यांत पाणी. बारा वाजले तरी हिचा पत्ता नाही. झालं होतं असं की धुलाईघरात दोन बाया आजारी पडल्या, आणि मुकादमिणीनं हिला सोडलं नाही. फोन करू म्हणाली तर, "फोन? तू काय डॉक्टर आहेस?" बाई घरी आल्या त्या सर्दी घेऊन. संध्याकाळी गादीवाली खालमानेनं दारात उभी राहिली, तर बाईंनी दाराच्या फटीतूनच सांगितलं, "माझं वय चौऱ्याहत्तर आहे. खरं चौऱ्याहत्तर. कुणीतरी लक्षात ठेवा."

ते बोलणं कुठे लागायचं तिथे लागलं असणार. दहा दिवस ती खाली आली नाही. बाईही वर गेल्या नाहीत. पोर मधे येऊन सांगून गेली, "सामान बांधतोय आम्ही. मावशीचं वेगळं ठेवलंय. ती म्हणते, आधी बाईआजी बऱ्या होऊ देत."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी साडेनऊला दारावर थाप. गादीवाली उभी होती. अंगात मुलीचा कोट, खांद्यात घट्ट बसणारा. केस विंचरलेले. पिशवी हातात, आणि पिशवीला वर एक दुसरी पिशवी, म्हणजे टेबलावर ठेवायची वेळ आली तर आतली दिसू नये. आजची मजुरी बुडवून, मुकादमिणीला न विचारता ती आली होती.

"चला बाई. आज ठेवते पिशवी. दहा दिवस ठेवून बघतेय घरी टेबलावर."

बाईंची सर्दी उतरली होती. खोटं कशाला बोला, त्या ठणठणीत होत्या. चहा पीत बसल्या होत्या. पण मनात ती अडीच तासांची उभ्यानं काढलेली सकाळ अजून सलत होती, आणि आजवर कुणाचं काम करताना त्यांना एका गोष्टीची सवय झाली होती: माणसानं जरा अजीजी करावी, मग त्यांनी 'बरं बरं' म्हणत उठावं.

"आज मला जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "दोनदा तुझ्यापायी फुकट गेले. उद्या बघू."

आज शेवटची तारीख आहे हे बाईंना माहीत नव्हतं का? होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनीच तांबड्या शाईनं गोल केला होता. गादीवालीनं एकदा, एकदाच आणखी 'चला हो' म्हटलं असतं, तर त्यांनी चपला घातल्याच असत्या. बाई खुर्चीत बसून त्याच शब्दांची वाट बघत होत्या. पण चार वर्षं छावणीच्या खिडकीसमोर उभं राहिलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. खिडकीतून 'उद्या' आलं की दुसऱ्यांदा मागायचं नाही. मागितलं तर उद्याही जातो.

"बरं," गादीवाली म्हणाली. "उद्या."

तिनं दार हळूच ओढून घेतलं. मुलीच्या कोटात, पिशवी घेऊन, ती तशीच धुलाईघराकडे गेली, अर्धी मजुरी तरी पदरात पडेल म्हणून. बाईंना वाटलं, ती पायरीवर थांबली असेल. थोड्या वेळानं दार उघडून बघितलं तर जिन्यात कुणी नव्हतं. त्या वरही गेल्या. कुलूप. कचेरी एक वाजता बंद व्हायची. बाईंनी बारा वाजता कोट घातला, सव्वाबाराला काढला. साक्षीदार एकटा जाऊन काय सांगणार?

महिना पालटला. पाचव्या दिवशी रेल्वे होती. स्टेशनवर बाई गेल्या नाहीत. गेले तर तोंड कुठे लपवू, असं त्यांना वाटलं. पोर खाली निरोप घ्यायला आली ती गादीवालीचा हात धरून. "सुट्टीत ये हं मावशी," ती म्हणत होती. "मी पत्र लिहीन. बाईआजी वाचून दाखवतील." गादीवालीनं तिच्या वेणीची सुटलेली रिबीन पुन्हा बांधली. नुसती बांधली नाही, गाठीवर गाठ मारली. मोजणीदार बाईंच्या समोर येऊन जमिनीकडे बघत उभा राहिला. "चूक माझीच," तो म्हणाला. "मूळ आकडाच माझा."

बाईंनी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "गाडी चुकेल तुमची."

तिसऱ्या मजल्यावरची खोली घरमालकानं दुसऱ्यांना दिली. गादीवाली धुलाईघरातल्या चार बायकांबरोबर राहायला गेली, एका खोलीत पाच खाटा. रविवारी ती बाईंकडे यायची. रागावली नव्हती. तेच बाईंना सोसायचं नाही. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. पोरीची पत्रं यायची, बाई वाचून दाखवायच्या. पहिल्या पत्रात खोलीचा नकाशा होता, बापासारखा मोजून काढलेला: इथे माझा पलंग, इथे खिडकी. गादीवालीनं नकाशावर बोट फिरवलं. "पलंगाच्या या बाजूला जागा उरतेय. दोन हात तरी." मग ती म्हणाली, "गादी कसली दिलीय काय माहीत."

बाईंनी कचेरीत जाऊन चौकशी केली ती तेव्हा, एकटीनं, लाज गिळून. खिडकीतला कारकून भला निघाला. मुदत संपल्यावरही अर्ज घेतात, तो म्हणाला, उशिराचं कारण लिहून द्यायचं. दोघींनी मात्र यायला पाहिजे. मिळेल का ते सांगता येत नाही, पण घेतात. बाईंनी घरी येऊन अर्ज लिहिला. 'उशिराचं कारण' या रकान्यात त्यांनी आधी 'अर्जदाराची प्रकृती' लिहिलं. खोडलं. 'साक्षीदाराचा आळस' लिहिलं. तेही खरं नव्हतं. शेवटी रकाना कोरा ठेवला.

गादीवालीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हातांकडे बघत राहिली. वाफेनं तिची बोटं पांढरी पडून सोलली होती. "बुधवारी सुट्टी मिळते," ती म्हणाली. "या नाही, पुढच्या बुधवारी. दहाला येते."

त्या बुधवारी बाई नऊपासून चपला घालून बसल्या. ती आली नाही. दुपारी धुलाईघरातली एक पोरगी निरोप घेऊन आली: धुलाईघर शहराबाहेर हलवलं, आठ दिवसांच्या आत, बायकांना तिकडेच पत्र्याच्या खोल्या दिल्या, कुणी न्यायला आल्याशिवाय तिथून बाहेर सोडत नाहीत. गादीवालीनं सांगितलंय, बाईंना म्हणावं, मला आता येणं होत नाही, जमलं तर तुम्हीच या, इथून आपण जाऊ. निरोप देणाऱ्या पोरीनं पत्ताही लिहून आणला होता. दोन बस बदलायच्या, पाऊण तासाचा रस्ता.

पहिल्या आठवड्यात बाईंचे गुडघे दुखत होते. दुसऱ्या आठवड्यात पाऊस होता. तिसऱ्या आठवड्यात काहीच नव्हतं. बाई कोट घालून थांब्यापर्यंत गेल्या, एक बस आली, दार उघडलं, चालकानं विचारलं, "येताय का आजी?" आणि बाईंना एवढं सुचेना की ती दारात उभी राहिली तर तिला पहिलं वाक्य काय बोलायचं. दार मिटलं.

त्याला आता सात महिने झाले. अर्ज लिहून तयार आहे, एक रकाना सोडून. बाई अजून गेलेल्या नाहीत.